वहीतले 98

गुरुवारी चौथा आणि पाचवा तास सातवीच्या प्रयोगशाळेचा. सहा टेबलं, प्रत्येकावर बर्नर, तिवई, जाळी, अर्धा बीकर पाणी आणि स्टँडला टांगलेला तापमापी. दर मिनिटाला तापमान लिहायचं, शेवटी आलेख काढायचा. स्थायू, द्रव, वायू हे फळ्यावर शिकवून झालं होतं. द्रवाचा वायू होताना मुलांनी डोळ्यांनी बघावं म्हणून हा प्रयोग. कोल्हापुरात मी तो एकोणीस वर्षं घेते आहे.

तास संपत आला तशा वह्या तपासायला घेतल्या. सगळ्यांच्या शेवटच्या ओळीत 100. एकीच्या वहीत मात्र 98, खाली पुन्हा 98, आणखी दोनदा 98. मी लाल पेनानं त्यावर रेघ ओढली, शेजारी 100 लिहिलं आणि म्हणाले, "नीट बघून लिहायचं." ही मुलगी एरवी वर्गात तोंड उघडत नाही. पण वही घेऊन जागेवर गेली नाही.

"मॅडम, मी चारदा बघितलो. वर जाईनाच. तुम्ही या की बघायला."

गेले. पाणी खळखळत होतं, तळापासून मोठाले बुडबुडे वर येऊन फुटत होते. डोळे पाऱ्याच्या पातळीत आणून वाचलं. 98. शेजारच्या टेबलावर 98. त्याच्या पुढच्या टेबलावर 98 च्या किंचित खाली. म्हणजे सहाही टेबलांवर पारा तिथंच अडला होता आणि सव्वीस मुलांनी पुस्तकातला आकडा वहीत उतरवला होता. त्या आकड्यावर बरोबरची खूण करणारी मीच होते, तीही वर्षानुवर्षं. मला फार लागलं ते.

तापमापी खोटा असेल म्हणून शिपाईमामांना बाहेरच्या सरबतवाल्याकडून बर्फ आणायला सांगितला. कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून तापमापी बुडवला. पारा उतरत उतरत शून्यावर येऊन थांबला. काचेचा दोष नव्हता.

मग फळ्यावर शाळेची इमारत काढली, खाली समुद्र काढला. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. उंचीवर हवेचा दाब कमी. पाण्याची वाफ बाहेरच्या दाबाची बरोबरी करू शकली की पाणी उकळतं. दाब कमी असेल तर ती वेळ लवकर येते. साधारण तीनशे मीटर चढलं की उत्कलनांक एका अंशानं उतरतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर 100, आपल्याकडे 98. हे मला बी.एस्सी.पासून ठाऊक होतं, पण समोरच्या बीकरशी मी ते कधी जोडलंच नव्हतं. ज्याच्या नावानं आपण अंश मोजतो त्या सेल्सिअसनं 1742 साली आपलं मोजमाप मांडलं, तेव्हाच बर्फ वितळण्याचा बिंदू पक्का असतो पण पाणी उकळण्याचा बिंदू हवेच्या दाबाप्रमाणे हलतो, हे नोंदवून ठेवलं होतं.

मागच्या टेबलावरून प्रश्न आला, "मॅडम, गॅस चालूच आहे, मग उष्णता जातीय कुठं?" हा प्रश्न मला फार आवडतो. घरातलं एक ग्रॅम पाणी 98 पर्यंत न्यायला सत्तरेक कॅलरी लागतात. त्याच ग्रॅमची वाफ करायला सुमारे 540. पाणी उकळत असताना सगळी उष्णता कणांना एकमेकांपासून सोडवण्यात खर्च होते, पारा चढवायला काही उरत नाही. ती दिसत नाही म्हणून अप्रकट उष्मा. वाफही खरं तर दिसत नाही. चहाच्या किटलीची तोटी वाकून बघितली (हात लांब ठेवून), तर तोंडाशी बोटभर जागा अगदी मोकळी दिसते आणि पांढरं त्याच्या पुढे सुरू होतं. ती मोकळी जागा म्हणजे वाफ. पांढरं दिसतं ते थंड होऊन पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब.

निघताना तिनं विचारलं, "मग आमच्या काहिलीत रस किती अंशावर उकळतो?" तिचे आजोबा चिखलीच्या बाजूला एका गुऱ्हाळावर गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे, आहेत. मला उत्तर नेमकं सांगता येईना.

शनिवारी शाळा सुटल्यावर तिच्या आईला विचारून आम्ही पाचजण गेलो. काचेचा तापमापी नेला नाही. शाळेतला 110 पर्यंतच असतो, त्याच्या वर गेला तर फुटतो, आणि काच पडली तर सगळी काहील वाया. कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीकडून स्टीलच्या लांब सळईचा डिजिटल घेतला होता. तिथंही आधी पातेल्यात पाणी उकळून बघितलं. 98.

जाळ घालणारा जळव्या चुलाणात चिपाड सारत होता. भेंडीचं पाणी टाकून मळी वर आली, गुळव्यामामांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, ती झाऱ्यानं काढली. रस उकळू लागला तेव्हा सळईनं 98 आणि अर्धा दाखवला. ताज्या रसात पाच भागांतले चार भाग पाणीच, त्यामुळे तो पाण्यासारखाच वागतो. तासभर आकडा जेमतेम हलला. पण इथं तो अडून राहत नाही. पाणी उडतं, साखर मागे राहते, आणि उरलेल्या पाण्याला साखर सहज सुटू देत नाही. काकवीच्या सुमाराला 104. पुढे मात्र दर दोन-तीन मिनिटांना अंश चढू लागला. ती गुडघ्यावर वही ठेवून लिहीत होती, घाम पुसायलाही थांबली नाही.

मामा आकड्याकडे बघत नव्हते. बुडबुडे बारीक होते तेव्हा गप्प बसले, मग ते जाड, संथ झाले आणि फुटताना 'फद्द' असा आवाज येऊ लागला तसे उठले. थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकला, बोटांनी गोळी केली आणि परातीच्या कडेवर मारली. खण्ण वाजली. "उतरा!"

"आज्जा, 116!" ती ओरडली.

"असंल की. माझ्या बोटांनी सांगितलंच मला," मामा म्हणाले, आणि काहील वाफ्यात, म्हणजे गूळ निवायच्या उथळ हौदात, कलली.

तांबूस, दाट रस वाफ्यात पसरला. फावड्यानं ढवळता ढवळता त्याची चमक मंदावली, कडेला रवा धरू लागला. द्रवाचा स्थायू होताना मी वर्गात बर्फापलीकडे कधी काही दाखवलं नव्हतं. रंग तांबूस झाला त्यात रासायनिक बदलाचाही भाग आहे. तो निम्मा धडा सोमवारसाठी ठेवला.

तिथंच तिची वही मागून घेतली. लाल रेघेखाली लिहिलं, '98 बरोबर आहे', आणि तारखेसह सही केली. तिनं पान उलटून दाखवलं. दोन आलेख शेजारी होते, पाण्याचा शेवटी आडवा झालेला, रसाचा शेवटी उभा चढलेला. खाली तिनं तिसरा रकाना आखला होता. डोक्यावर 'पन्हाळा', त्याखाली पेन्सिलीनं, 'चारशे मीटर वर. अंदाज 97 च्या खाली.' शेजारचा चौकोन कोरा होता.

"रविवारी बाबा स्टोव्ह घेऊन येतो म्हणालेत," ती म्हणाली. "तापमापी देशीला काय, मॅडम?"

देते म्हणाले.