रूथ पाणी कुठलं प्यायली?

सध्या आमच्या महिला मंडळात बायबलमधलं रूथचं पुस्तक चाललंय. दुसऱ्या अध्यायाशी आलो आणि मी तिथंच अडकले. रूथ मवाबी, म्हणजे इस्राएलाबाहेरची, त्यात विधवा. सासूमागं बेथलेहेमला आलेली, जवाच्या कापणीत परक्याच्या शेतात सरवा, म्हणजे मागं पडलेली कणसं, वेचायला शिरलेली. शेताचा मालक बवाज तिला सांगतो, दुसरीकडे जाऊ नको, तुला हात लावायचा नाही अशी गड्यांना ताकीद दिलीय. आणि तहान लागली की गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यांतलं पाणी पी.

पाण्याचं ते बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही, कारण आमच्याकडे ऊसतोड सुरू झाली की पहिला तंटा पाण्याचाच होतो.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यात, हिरण्यकेशीच्या काठाला. हंगामात टोळ्या येतात, काही बीडकडच्या, काही विजयपूरकडच्या लमाणी तांड्यांवरच्या. रानाच्या कडेला पाचटाच्या नाहीतर प्लास्टिकच्या कोप्या पडतात. बायका पहाटे अंधारातच फडात जातात, तान्हं पोर बांधावर निजवून कोयता हातात घेतात. आणि गावातले काहीजण बोअरच्या खोलीला कुलूप लावतात. गेल्या हंगामात एक लमाणी बाई दारात येऊन "अक्का, नीर कोडरी", पाणी द्या, म्हणाली, तेव्हा मी पाइपच कोप्यांकडे वळवला. लगेच शेजारच्या मळ्यातून विचारणा झाली, "ती काय आपली माणसं आहेत का?"

या प्रश्नाचा मला राग येतो. तो आमच्या तोंडून यावा, याचा तर फारच. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मराठी माणसं जागची न हलता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो. माझे वडील पहाणीपत्रक घेऊन तालुक्याच्या कचेरीबाहेर बसायचे, कुणी कन्नड वाचून दाखवणारा भेटतो का बघत. कागद स्वतःच्याच जमिनीचा! बेळगावात अजून त्या तारखेला काळा दिवस पाळतात. निर्गमाच्या २३व्या अध्यायात देव इस्राएल लोकांना हेच म्हणतो: उपऱ्याला छळू नका, उपऱ्याच्या जिवाला काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, मिसर देशात तुम्हीही उपरे होता. आम्हाला तर ते दुसऱ्या कुणी सांगायलाच नको.

मंडळात एकजण म्हणाली, ती आपल्या धर्माची नाहीत. अगं, शेताच्या कडा कापू नका, गरिबाला आणि उपऱ्याला ठेवा, असं लेवीय १९ सांगतं, तिथं त्या उपऱ्याचा देव कोणता हे कुठं विचारलंय? आणि मवाबी माणसाला परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये असं बायबलच्या अनुवाद या पुस्तकात लिहिलेलं असताना, रूथ दावीद राजाची पणजी झाली.

अनुवादाच्या २४व्या अध्यायात मजुरीचं आहे. मजूर आपला भाऊबंद असो की वेशीच्या आत राहणारा उपरा, सूर्य मावळायच्या आत त्याची मजुरी द्या, कारण त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. ऊसतोडीत उचल आधी आणि हिशेब हंगाम सरल्यावर, तोही मुकादमाच्या वहीत. ते मला एकटीला बदलता येणार नाही. वाड्याचं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचं, मात्र माझ्या हातात आहे. आमच्या फडातलं वाडं टोळीचं. त्यावर त्यांची बैलं जगतात, उरलेलं विकून मीठमिरची येते. जनावरांसाठी फुकट भारे मागायला येणाऱ्यांना मी दाम देऊन घ्या म्हणते.

यंदा गाळप सुरू व्हायच्या आधी मंडळातल्या दोघी अंगणवाडीत जाऊन बोलणार आहेत, टोळीतल्या पोरांना बसू द्या म्हणून. कोप्यांजवळ दिव्याची सोय करायची आहे, बायकांना अंधारात लांब जावं लागतं. बोअरच्या किल्लीसाठी शेजारच्या मळ्यात मी स्वतः जाणार. ते ख्रिस्ती नाहीत, रूथ त्यांना माहीत नाही. पण कचेरीबाहेर त्यांचे वडील माझ्या वडलांच्या शेजारीच बसलेले असायचे. मी तिथूनच बोलायला सुरुवात करीन.