रंग गेला, कड राहिली

मंगळवार, रात्र

दुकानातून आल्यापासून एम. एस. डोक्यात घोळतोय. इंग्लंडमधला रुग्ण. शास्त्रज्ञांनी नावाऐवजी नुसती आद्याक्षरं छापलीत. 1970 मध्ये मेंदूज्वर झाला आणि मेंदूच्या मागच्या-खालच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाली. तेव्हापासून जग करडं. चेहरे, वस्तू ओळखणंही कठीण झालं. डोळ्यांतल्या रंग टिपणाऱ्या तिन्ही प्रकारच्या पेशी मात्र शाबूत!

रंगीत चकत्या क्रमाने लावायला दिल्या की त्याची पार सरमिसळ व्हायची. पण हेवूड, कोवी आणि न्यूकोम्ब यांनी 1991 मध्ये छापलेला प्रयोग वाचून मी उठूनच बसले. सारख्याच उजळपणाचे रंगीत तुकडे एकमेकांना खेटून ठेवले, की कुठली ओळ क्रमाने लागलीय आणि कुठली विस्कटलीय हे त्याला कळायचं. मध्ये जराशी फट सोडली, की खेळ खलास. म्हणजे रंगाची खबर मेंदूत पोचतेय, तिच्यावरून कडही आखली जातेय. फक्त त्याला स्वतःला लाल-हिरवं काही दिसत नाही.

आमच्या मॅचिंग सेंटरमध्ये दिवसभर हेच चालतं. साडी आणि रुबियाचं कापड लांबून दोन्ही राणी कलरचेच वाटतात. काठाला कापड टेकवलं की मधोमध रेघ उठते. मग ते ठाण बाजूला, दुसरं काढा. रेघ विरली तरच कात्री लावायची. मी रेघही बघते आणि राणी रंगही. एम. एस.च्या वाट्याला नुसती रेघ.

काही रुग्णांना दृष्टिक्षेत्राच्या एका भागात काहीच दिसत नाही, पण अंदाजाने सांगा म्हटलं तर तिथल्या प्रकाशाचा रंग निव्वळ योगायोगापेक्षा जास्त वेळा बरोबर सांगतात. लोकांना त्याचंच नवल जास्त. मला एम. एस.चं वाटतं. त्याला समोरचं दिसतंय, रंग वापरलाही जातोय, आणि त्याचा त्यालाच पत्ता नाही.

1888 मध्ये लुई व्हेरे या स्विस नेत्रवैद्याने एका बाईची नोंद केली होती. तिच्या नजरेच्या उजव्या अर्ध्या भागातून रंग गेलेले. तरी रंगासाठी मेंदूत वेगळी जागा असते हे पुढे कित्येक वर्षं बड्या डॉक्टरांनी मानलं नाही. डावीकडे लाल, उजवीकडे राखाडी, असं ती बाई धडधडीत सांगत असताना! मला तर बाई रागच आला.