साधनेची वही : महिना चौदावा

या महिन्यात वहीतला एक रकाना बंद केला. 'कपाळ ते नडगी, सें.मी.' असं त्याचं नाव होतं. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकल्यावर, कपाळ नडगीपासून किती वर राहतं ते दर रविवारी मुलगा टेपने मोजायचा. सुरुवात ३१ ला झाली, नवव्या महिन्यात ९ आलं. मागच्या नोंदी वाचलेल्यांना आठवत असेल, त्या ९ चा मला केवढा आनंद झाला होता.

मग एका वर्गात शिक्षकांनी पाठीवर हात ठेवून आणखी खाली दाबलं. उजव्या मांडीच्या मुळाशी, स्नायू बसण्याच्या हाडाला चिकटतो तिथे, कळ उठली. तीन महिने खुर्चीत बसणंसुद्धा जड गेलं. पुढे वाकणं बंदच. हाती उरली ती नुसती बैठक, आणि माझी खरी साधना तिथून सुरू झाली असं आता वाटतं.

बैठकीचं आधी सांगते, कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. पद्मासनाचा हट्ट सोडला, स्वस्तिकासन धरलं, म्हणजे पावलं मांडी-पोटरीच्या मध्ये घेऊन घातलेली मांडी. घोंगडीच्या चार घड्या, त्याही फक्त बैठकीच्या हाडांखाली, मांड्या मोकळ्या. गुडघे कमरेच्या सांध्यापेक्षा खाली आले की पाठ आपोआप उभी राहते, तिला ताणून धरावं लागत नाही. आधी १८ व्या मिनिटाला डाव्या पायाला मुंग्या यायच्या. घडीची पुढची कड थोडी उतरती केली तेव्हा त्या गेल्या. सध्या ३५ मिनिटं होतात.

पतंजलींनी योगसूत्रांतल्या १९५ सूत्रांत (काही पाठांत १९६) आसनाला जेमतेम तीन सूत्रं दिली आहेत. पहिलं 'स्थिरसुखमासनम्', स्थिर आणि सुखाचं ते आसन, सगळ्यांना पाठ असतं. दुसरं मी कितीदा वाचलं होतं, पण कळलं नव्हतं : प्रयत्न सैल पडला आणि चित्त अनंताशी लागलं की आसन साधतं. मी नऊ महिने प्रयत्न वाढवत नेत होते.

बसल्यावर मनात काय येतं याची नोंद दहाव्या महिन्यापासून ठेवते. सूत्रांत वृत्ती, म्हणजे चित्तातल्या हालचाली, पाच सांगितल्या आहेत : प्रमाण (खरं ज्ञान), विपर्यय (चुकीचं ज्ञान), विकल्प, निद्रा, स्मृती. माझ्या वहीत सगळ्यात जास्त खुणा विकल्पापुढे आहेत. विकल्प म्हणजे नुसत्या शब्दांवर उभं राहिलेलं, ज्याच्यामागे वस्तूच नाही असं ज्ञान. मनातल्या मनात जावेशी चाललेलं भांडण हे त्याचं चोख उदाहरण. ती काय म्हणेल, मग मी काय म्हणेन, त्यावर ती काय म्हणेल. समोर जाऊ नाही, भांडण नाही, पण छातीत धडधड मात्र खरी. हे दिसलं त्या दिवशी 'योगश्चित्तवृत्तिनिरोधः', चित्तातल्या वृत्ती थांबणं म्हणजे योग, या सूत्राकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि त्याच्या पुढच्याकडेही : तेव्हा द्रष्टा, म्हणजे आतला पाहणारा, आपल्या मूळ रूपात राहतो. योग कशासाठी, याचं उत्तर तिसऱ्याच सूत्रात देऊन ठेवलंय. लवचीक पाठ वाटेत मिळाली तर उत्तमच.

आता बाबांबद्दल. ते ८१ वर्षांचे आहेत, गेल्या वर्षापासून विसरायला लागलेत. आमच्या जुन्या चाळीत पहाटे साडेपाचला नळाला पाणी यायचं आणि सातपर्यंत जायचं. इथे गच्चीवर टाकी आहे, पाणी चोवीस तास. पण बाबा सव्वापाचला उठून विचारतात, "पाणी आलं का गं?" मी म्हणते, "आलंय बाबा, भरून ठेवलंय." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. ही माझ्या बैठकीचीच वेळ. म्हणून मी खोलीचं दार आतून लावून बसायला लागले.

एका सकाळी त्यांनी दार वाजवलं. मी उघडून ओरडले, "किती वेळा सांगू?" त्यांच्या हातात रिकामी कळशी होती.

त्या आठवड्यात मुक्ताईचे ताटीचे अभंग पुन्हा काढले. ताटी म्हणजे झोपडीचं दार. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव ताटी लावून आत बसतात आणि धाकटी मुक्ताई बाहेरून सांगते, 'योगी पावन मनाचा, साही अपराध जनाचा.' आत बसलेला माणूस कोण, तर ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचा, म्हणजे शरीरातल्या सुप्त शक्तीचा, प्रवास इतका बारकाईने सांगणारा नाथपंथी योगी. त्याला त्याची बहीण चक्रांची, नाड्यांची आठवण करून देत नाही. इतकंच म्हणते की योग्याने लोकांचे अपराध सोसायचे. योगी या शब्दाची याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही. आणि बाबांचा तर अपराधही नव्हता.

तेव्हापासून दार लावत नाही.

वहीत नवा रकाना आहे, 'केव्हा कळलं'. राग आला हे मला बोलून झाल्यावर कळलं, बोलता बोलता कळलं, की तोंड उघडण्याआधी? या महिन्यात ४१ नोंदी : नंतर २२, मध्ये १५, आधी ४. त्या चारही वेळा जबडा आवळलेला जाणवला, डाव्या बाजूला, कानाखाली. प्राणायामातला लांब उच्छ्वास तिथे कामी येतो : चार अंक श्वास, आठ अंक उच्छ्वास, कुंभक (श्वास रोखणं) नाही.

मोजमापालाच माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांत पोटात काय घडतं ते क्ष-किरणांनी तपासलं, दाबही मोजला. त्याच माणसाने १९२४ मध्ये लोणावळ्याला संस्था काढली तिचं नाव मात्र कैवल्यधाम, म्हणजे मोक्षाचं घर. मोजायचं कशासाठी ते त्यांच्यापुढे स्पष्ट होतं.

एकीने विचारलं होतं, ध्यानात प्रकाश दिसतो का. दोनदा निळसर काहीतरी दिसलं. मी ते लिहिलं आणि सोडून दिलं. योगसूत्रांच्या तिसऱ्या भागात, विभूतिपादात, सिद्धींना समाधीतले अडथळेच म्हटलंय. चांगदेवांची गोष्ट आपल्याकडे लहानपणापासून सांगतात : चौदाशे वर्षांचं आयुष्य, वाघाची स्वारी, पण ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले तर मायना सुचेना, कागद कोराच गेला. त्याला उत्तर म्हणून ६५ ओव्या आल्या. पुढच्या महिन्यात रोज एक वाचायची असं ठरवलंय.

मांडीचं दुखणं आता जिना चढतानाच जाणवतं. पुढे वाकायला सुरुवात करेन ती गुडघे वाकवून, कुणाला हात लावू न देता. बैठक ३५ वरच ठेवणार. बाबांसाठी एक लहान बादली स्वयंपाकघरातल्या नळाखाली ठेवलीय. पहाटे ती ते स्वतः भरतात, आणि मग काही वेळ माझ्या शेजारी चटईवर बसतात.