रिकामे डबे

अमृतमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं. दुसऱ्याच ओळीत 'सोहळा संपन्न होणार असून' आणि त्याखाली 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे'. समितीतल्या मंडळींनो, रागावू नका, पण सर असते तर हे निमंत्रण लाल शाईत न्हाऊन उलट टपालाने तुमच्याकडे परत आलं असतं. "संपन्न झाला म्हणजे काय झाला? काल गरीब होता, आज श्रीमंत झाला?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. वाचता वाचता तो त्यांच्याच आवाजात ऐकू आला आणि मी पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात एकटीच हसले.

सर म्हणजे मराठीचे सर. नाव लिहीत नाही, आपल्या वेळच्या कुणालाही 'सर' म्हटलं की तेच आठवतात. समितीने मला शाळेच्या जडणघडणीवर लिहायला सांगितलं होतं. प्रयोगशाळा, खो-खोचा संघ, स्नेहसंमेलनं यांवर बाकीचे लिहितीलच. माझ्या डोक्यात शाळा म्हटलं की एक माणूस आणि त्याला न खपणारे शब्द, एवढंच उरलंय. त्याला माझा इलाज नाही.

सातवीत पंधरा ऑगस्टला मी भाषण केलं होतं. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो' इथपासून सुरुवात आणि 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते' हा शेवट. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर सरांनी जवळ बोलावलं. "छान बोललीस. शब्द मी मोजले, दोनशे चाळीस भरले. त्यातले तुझे दोन कुठले, तेवढे दाखव." मी मान खाली घालून उभी. आजही कुणी माईक हातात घेऊन 'मी या ठिकाणी दोन शब्द' म्हणालं की माझी मान आपोआप खाली जाते.

असल्या शब्दांना सरांचं नाव होतं 'रिकामे डबे'. आपल्या गावात ते न समजणारा कोण असणार? तेव्हा मिरज जंक्शनात तीन मापांचे रूळ होते, ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूरकडची ती नॅरोगेज. निम्मा वर्ग स्टेशनाच्या आवाजावर उठायचा. "डबे रिकामे असले तरी इंजिनाला ओढावे लागतातच," सर म्हणायचे. "वाक्याचंही तसंच. 'तसं बघायला गेलं तर एक प्रकारे म्हणजे आपलं' हे चार डबे लावलेस, माल कुठाय?"

एक मात्र सांगायला हवं, कारण सरांना बरेच जण उगाच सोवळे समजायचे. परक्या शब्दांशी त्यांचं भांडण नव्हतं. नववीत कुणीतरी 'टेबल'ला मराठी शब्द विचारला तेव्हा ते म्हणाले, "टेबलच. बसतोस ती खुर्ची अरबी, दप्तर फारसी, आज डब्यात आणलेला बटाटा पोर्तुगीज, आणि घरी ज्याला अण्णा म्हणतोस तो कानडी. सगळे भरून आलेत, येऊ देत. कुठल्या मापाच्या रुळावरून आले ते मी बघत नाही." आमच्या बोलण्यातल्या 'की'लाही त्यांनी कधी हात लावला नाही. पुण्याहून बदलून आलेल्या एका बाईंना आमचं 'बसा की', 'जेवा की', 'येतो की' फार खुपायचं. सर त्यांना म्हणाले, "बाई, ही 'की' रिकामी नाही. हिच्यात आग्रह भरलाय. नुसतं 'जेवा' म्हटलं तर मिरजेत पाहुणा उपाशी उठेल."

आता तो प्रसंग. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसले.

रिकाम्या डब्याला शिक्षा होती, एका डब्याला एक बादली. हौदातून पाणी भरायचं आणि सायकल स्टँडपासून फाटकापर्यंत सरांनी लावलेल्या कडुनिंबांना घालायचं. अकरा रोपं होती. आमच्या 'ब' तुकडीच्या जिभेमुळे ती उन्हाळ्यातही हिरवीगार असायची. १९९० चा फेब्रुवारी असेल. सर प्रयोग शिकवत होते, कर्तरी संपवून कर्मणीवर आले होते. आणि मला अचानक ऐकू यायला लागलं, 'लक्षात घ्या'. दर दोन वाक्यांमागे एक 'लक्षात घ्या'. इतकी वर्षं कसं ऐकू आलं नव्हतं कोण जाणे. मी वहीच्या मागच्या पानावर काड्या मारायला लागले, चार उभ्या, एक आडवी. कर्मणी प्रयोग त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरला नाही, तो पुढे आतेभावाने समजावला.

बेल झाली. सर नेमके माझ्याच बाकाशी येऊन थांबले आणि वही उचलली.

"काय मोजत होतीस?"

खोटं बोलायचं सुचलंच नाही. "तुमचं 'लक्षात घ्या', सर."

सगळा वर्ग चिडीचूप. सरांनी काड्यांवरून बोट फिरवलं. "एकतीस?"

"हो सर."

"बेल झाल्यावर एकदा म्हणालो. ते धरलंस?"

"नाही."

"मग बत्तीस." वही बाकावर ठेवून निघून गेले.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर सायकल काढायला गेले तर पँट पोटरीपर्यंत दुमडून सर हौदावर. शिपाईमामा बादली हिसकावून घ्यायला बघत होते आणि सर सोडत नव्हते. "मामा, डबे माझे आहेत." रोज आठ, असं चार दिवस चाललं. तिसऱ्या दिवसापर्यंत आख्खी नववी भिंतीपाशी उभी राहून बघत होती, पण हसलं कुणी नाही. शेवटच्या दिवशी मला राहवलं नाही, मी दुसरी बादली घेतली. ते रोपाच्या आळ्यात पाणी सोडत म्हणाले, "मुळाशी ओतायचं नाही, लक्षात घ्—" आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. काही न बोलता हौदाकडे गेले आणि तेहतिसावी भरली.

मी आज एका कंपनीत मोबाइल ॲपांचा मराठी मजकूर बघते. सहा जणांचा गट आहे, मागच्या वर्षी त्याची प्रमुख झाले. तुमच्या फोनवर 'अधिक जाणा' नावाचं बटण दिसतं ना, त्याच्याशी माझं अकरा वर्षांचं वैर आहे. अधिक जाणा! कुठल्या घरात असं बोलतात? आमच्या हातातल्या चार ॲपांत तिथे 'आणखी माहिती' करून घेतलं. त्यासाठी झालेल्या बैठकांत 'बेसिकली' आणि 'ॲट द एंड ऑफ द डे' इतक्या वेळा ऐकलं की सरांच्या हिशेबाने तेवढ्यात एखादं शेत भिजलं असतं. 'तुमची ऑर्डर मार्गावर आहे' चं 'ऑर्डर निघाली आहे' केलं. 'आम्ही आपली काय मदत करू शकतो' हे अजून सुटलेलं नाही. मराठीत मदत माणसाला करतात, माणसाची नाही, हे नव्या मुलांना पटतच नाही. तीही घरी 'माझी मदत कर' असंच म्हणतात. 'मी तुला बोललो' म्हणतात, 'म्हणालो' कुठे गेलं देव जाणे.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या गटावर एकामागून एक निरोप पडले, 'मराठी असल्याचा गर्व आहे'. गर्व! गर्वाचं घर खाली, हे आपण याच शाळेत शिकलो. आपल्याकडे असतो तो अभिमान. मी तिथे तेवढंच लिहिलं, तर दोघींनी अंगठा दाखवला आणि एकाने 'चिल मार' म्हणून कळवलं. घरीही हीच तऱ्हा. माझी लेक म्हणते, "आई, जेवताना तरी लाल पेन खाली ठेव." कबूल आहे, माझ्यासारखी माणसं शब्दांपेक्षा जास्त वैताग देतात. सरांना ते हसतहसत जमायचं. मला अजून जमलेलं नाही.

पहिली नोकरी लागली तेव्हा मी सरांना चार पानी पत्र लिहिलं होतं. उत्तरादाखल पोस्टकार्ड आलं. 'पत्र पोचलं. फार आनंद झाला. तिसऱ्या पानावर एक डबा रिकामा आहे, शोध.' माझ्या पत्राची प्रत मी ठेवलेली नव्हती. तेव्हा दिवाळीत त्यांच्याकडे जाऊन विचारायचं ठरवलं, मग पुढच्या दिवाळीत ठरवलं, आणि मग विचारायला कुणी उरलं नाही. कुठला शब्द होता तो?

दोन वर्षांपूर्वी शाळेवरून जाणं झालं. सायकल स्टँडच्या जागी नवी इमारत, खाली सगळीकडे सिमेंटचे ठोकळे. आतून पाठांतराचा आवाज येत होता, इंग्रजीतला. अकरांतला एक कडुनिंब तेवढा फाटकाशी आहे, बुंधा माझ्या कवेत मावला नाही. बाकीचे दहा कधी गेले ते कुणाला विचारलं नाही.

या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात 'खरं तर' नऊ वेळा होतं. आठ काढले. एक काही केल्या निघेना, म्हणून राहू दिलं. सोहळ्याच्या दिवशी सकाळी आठ वाजता फाटकाशी येते. हौद बुजवल्याचं कळलं, तेव्हा जवळपास नळ कुठे आहे तेवढं समितीतल्या कुणीतरी कळवावं. बादली मी घरून आणते.

(माजी विद्यार्थिनी, दहावी 'ब', १९९१)