पॅरेटोची रेषा मध्येच सपाट झाली तेव्हा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे, म्हणजे ओतकाम कारखान्याचे, रिपोर्ट सध्या टॅब्लोतून पॉवर बीआयमध्ये हलवतेय. दोन्ही आकड्यांचे चार्ट काढायची सॉफ्टवेअर. कारण लायसन्सचा खर्च, नेहमीचंच. बहुतेक चार्ट मुकाट आले. रंगांचे कोड उचलून थीम फाइलमध्ये टाकले. टॅब्लोचा खास फाँट इकडे नाही, पण त्यावाचून कुणाचं अडलं नाही. अडलं ते रिजेक्शनच्या पॅरेटोवर, म्हणजे नाकारलेल्या नगांचे दोष मोठ्यापासून लहानापर्यंत खांबांत लावून वर चढत्या बेरजेच्या टक्क्यांची रेषा काढतात त्या चार्टवर.

क्वालिटीचे साहेब सुरुवातीलाच म्हणाले होते, “मॅडम, दिसायला जरा वेगळा झाला तरी चालतंय की. पण सकाळच्या मीटिंगला लाल खांब तेच यायला पाहिजेत.” लाल खांब म्हणजे ज्यांची चढती बेरीज ८० टक्क्यांच्या आत आहे ते दोष. लाल झाला की त्या दोषावर कुणाचं तरी नाव लागतं. बाकीचे राखाडी, त्यांचं उद्या बघू.

टॅब्लोत ही रेषा काढायला काहीच लागत नाही. रनिंग टोटल (चढती बेरीज), त्यावर दुसरं कॅल्क्युलेशन पर्सेंट ऑफ टोटल (एकूणाच्या किती टक्के), ड्युअल अ‍ॅक्सिस (खांब आणि रेषा एकाच चार्टवर), संपलं. ते गणित चार्टवर दिसणाऱ्या खांबांवरून डावीकडून उजवीकडे चालत जातं. पॉवर बीआयच्या डॅक्स या सूत्रभाषेतल्या मेझरला, म्हणजे हिशेबाच्या सूत्राला, मात्र चार्ट दिसतच नाही. त्याला ‘डावीकडचे’ कळत नाहीत, म्हणून सांगावं लागतं की या दोषाइतके किंवा त्याहून जास्त नग असलेले सगळे दोष गोळा कर आणि बेरीज दे. सगळीकडे मिळणारं सूत्र हेच आहे, आणि बहुतेक दिवशी ते बरोबरच चालतं.

दोन्ही रिपोर्ट शेजारी लावून बघत होते, तेव्हा एका दिवसाची रेषा मध्येच सपाट दिसली. आकडे इथे सोयीसाठी शंभरात बसवलेत: ब्लो होल ४२, सँड इन्क्लुजन २३, कोल्ड शट १२, श्रिंकेज १२, मिसरन ७, क्रॅक ४. टॅब्लोची चढती बेरीज ४२, ६५, ७७, ८९, ९६, १००. पॉवर बीआयची ४२, ६५, ८९, ८९, ९६, १००. कोल्ड शट आणि श्रिंकेज दोघेही १२, म्हणून ‘इतके किंवा जास्त’ या अटीत दोघे एकदमच आत आले. ७७ गायब. जुन्या चार्टवर तीन खांब लाल, नव्यावर दोनच. चार्ट दिसायला अगदी हुबेहूब, हे त्यातलं वाईट.

पॉवर बीआयमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून प्रीव्ह्यूमध्ये (चाचणी रूपात) आलेली व्हिज्युअल कॅल्क्युलेशन्स, म्हणजे थेट चार्टवरच लिहायची गणितं, इथे कामाला येतात. त्यातलं रनिंगसम हे चढत्या बेरजेचं फंक्शन टॅब्लोसारखंच चार्टवरच्या ओळींवरून चालतं. पण मला हेच मेझर आणखी दोन पानांवर हवं होतं आणि व्हिज्युअल कॅल्क्युलेशन त्या एका चार्टपुरतंच राहतं. म्हणून मेझरच ठेवलं, बरोबरी फोडायची ठरवली.

फोडायची तर कुणाच्या बाजूने? जुन्या चार्टवर कोल्ड शट आधी येत होता. तसं कुणी ठरवून केलं नव्हतं, येत होता म्हणून येत होता. साहेबांना फोन करून विचारलं. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “श्रिंकेज पुढं घ्या. कोल्ड शट वरून दिसतंय, इथंच बाजूला काढतोय आम्ही. श्रिंकेज आत असतंय, मशीनिंग झाल्यावर कळतंय. तोवर सगळा खर्च होऊन बसतोय की.”

आता डिफेक्ट मास्टरमध्ये, म्हणजे दोषांच्या मूळ यादीत, प्राधान्याचा एक कॉलम आहे, तो त्यांनीच भरून दिला. ज्याचं प्राधान्य जास्त त्याचा आकडा मोठा. त्याचा दहा हजारावा भाग नगांच्या संख्येत मिळवून मी क्रम लावते. बेरीज मात्र खऱ्या नगांचीच. त्या दिवशीचे लाल खांब पुन्हा तीन झाले, फक्त तिसरा आता श्रिंकेजचा आहे. जुन्याशी जुळत नाही म्हणून टेस्टिंगवाल्या मुलाने तिकीट, म्हणजे चुकीची नोंद, काढलंय. त्यावर साहेबांचा मेल जोडून ते बंद करायचं बाकी आहे.