पलटणीचा रस्सा

सोलमधल्या आमच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक खानावळ आहे. तिथलं आमचं सोमवारचं ठरलेलं जेवण म्हणजे बुदे-जिगे. बुदे म्हणजे लष्करी तुकडी, आपली पलटण. जिगे म्हणजे रस्सा. टेबलाच्या मधोमध शेगडीवर उथळ पातेलं ठेवतात. त्यात किमची म्हणजे तिखट आंबवलेला कोबी, सॉसेजचे काप, स्पॅम नावाच्या अमेरिकन डबाबंद मांसाचे तुकडे, वर रामेन नूडल्सची वडी आणि चीजची एक चकती. उकळी फुटली की रंग थेट तांबड्या रश्श्याचा. मी कोल्हापूरचा, त्यामुळे पहिल्यांदा फार आशेने चमचा बुडवला होता. असो.

कोरियन युद्धानंतर इथे खायला नव्हतं, तेव्हा अमेरिकन छावण्यांतून लपतछपत बाहेर आलेले डबे किमचीबरोबर उकळून लोकांनी पोट भरलं. त्यातूनच हा पदार्थ आला. आज तो पावसाळी दिवशी हौसेने खातात. अमेरिका या मित्रदेशाविषयी या लोकांच्या मनात काय आहे ते कळायला मला पाच वर्षं लागली, आणि ते कळलं ते या पातेल्याभोवतीच.

८ सप्टेंबर २०२५ चा सोमवार. आधीच्या बुधवारी बीजिंगच्या संचलनात किम जोंग उन हा शी जिनपिंग आणि पुतिन यांच्या शेजारी उभा होता. ऑफिसमध्ये सगळ्यांनी तो फोटो फोनवर पाहिला, आणि नेहमीप्रमाणे आमचे बुजांगनिम म्हणाले, "अमेरिका आहे ना." बुजांग म्हणजे विभागप्रमुख आणि 'निम' म्हणजे आपलं 'साहेब'. उत्तर कोरियाने क्षेपणास्त्र सोडलं की कोल्हापूरहून आईचा फोन येतो आणि इकडे बुजांगनिमांचं हे वाक्य येतं, दोन्ही ठरलेलं.

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ह्युंदाई-एलजीच्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर तिथल्या इमिग्रेशनवाल्यांची धाड पडली. ४७५ जणांना धरलं, त्यांत तीनशेहून जास्त कोरियन. शनिवारी चित्रफीत आली. हातात बेड्या, कमरेला साखळी, पायात साखळी, आणि तशा अवस्थेत रांगेने बसकडे चाललेले इंजिनिअर. जुलै महिन्यातच याच अमेरिकेत ३५० अब्ज डॉलर गुंतवायचं कोरियाने कबूल केलं होतं.

सोमवारी पातेलं उकळत होतं आणि कोणी वाढून घेईना. बुजांगनिम अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. त्यांच्या टेबलावर मुलाचा फोटो आहे, अमेरिकन पलटणीत काढलेला. इथे प्रत्येक मुलाला सैन्यात जावंच लागतं. त्यातले थोडे 'कातुसा' म्हणून अमेरिकन सैन्याबरोबर राहतात. त्यासाठी इंग्रजीच्या परीक्षेत गुण लागतात आणि वर सोडतीत नाव निघावं लागतं. मुलाचं नाव निघालं तेव्हा साहेबांनी अख्ख्या विभागाला जेवण दिलं होतं, असं मला जुन्यांनी सांगितलंय. तेच साहेब आज खाली मान घालून म्हणाले, "पायात साखळी. पायात!" मग 'ह्योलमेंग' असा एक शब्द उच्चारून गप्प झाले. ह्योलमेंग म्हणजे रक्त सांडून जुळलेली मैत्री. अमेरिकेशी असलेल्या नात्याला इथली जुनी पिढी हाच शब्द लावते, आणि तो पोकळ नाही. १९५० ते ५३ च्या युद्धात ३६ हजारांहून जास्त अमेरिकन मेले.

आमच्या ग्वाजांगनिम, म्हणजे साहेबांच्या हाताखालच्या अधिकारी बाई, शांतपणे नूडल्स तोडत होत्या. त्या म्हणाल्या, "मला नवल नाही वाटलं." जून २००२ मध्ये, फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या गडबडीत, सोलच्या उत्तरेला एका अरुंद रस्त्यावर अमेरिकन लष्करी गाडीखाली दोन शाळकरी मुली चिरडल्या. दोघी चौदा वर्षांच्या. खटला अमेरिकन लष्करी न्यायालयात चालला आणि नोव्हेंबरमध्ये दोन्ही सैनिक निर्दोष सुटले. "त्या माझ्याच वयाच्या होत्या," बाई म्हणाल्या. त्या निकालाच्या निषेधाला कागदी पेल्यात मेणबत्ती धरून बाई आईबरोबर सोलमधल्या ग्वांगह्वामुनच्या चौकात उभ्या होत्या. पेल्याला भोक पाडून मेणबत्ती कशी बसवायची हे त्यांनी मला हातातला पाण्याचा पेला उलटा करून दाखवलं.

त्याच चौकाच्या कडेला अमेरिकेचा दूतावास आहे. आणि त्याच परिसरात शनिवारी म्हातारी मंडळी कोरियाच्या झेंड्याबरोबर अमेरिकेचा झेंडा हलवत बसलेली दिसतात. मी नवीन असताना मला वाटलं, कुठल्या तरी अमेरिकन सणाची मिरवणूक असावी. स्वतःच्या सरकारविरुद्धच्या मोर्चात दुसऱ्या देशाचा झेंडा! आपल्याकडे कोणी असं केलं तर काय होईल याचा विचारही नको. पण त्या आजोबांच्या हिशोबात तो परक्याचा झेंडा नाहीच. तो झेंडा होता म्हणून हा उरला, असं ते मानतात.

त्याहून चमत्कारिक गोष्ट सैन्यावरच्या हुकमाची. जुलै १९५० मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी आपल्या सैन्याची सूत्रं अमेरिकन जनरल मॅकआर्थरच्या हाती दिली. शांतताकाळातली सूत्रं परत यायला १९९४ उजाडलं. युद्धकाळातली अजून आलेली नाहीत. उद्या लढाई झाली तर संयुक्त सैन्याचा प्रमुख अमेरिकन जनरल, कोरियन जनरल त्याचा उपप्रमुख. २०१२ ची तारीख ठरली होती, ती २०१५ झाली, मग तारीखच गेली आणि अटी आल्या. बाईंना ही शरमेची गोष्ट वाटते. साहेबांना ती विम्याची पॉलिसी वाटते: हुकूम अमेरिकनांचा असेल तर त्यांना पळून जाता येणार नाही. मला आधी साहेबांचं म्हणणं लाचारीचं वाटायचं. आता त्यात पक्का व्यवहार दिसतो.

तसा तो पहिल्यापासून आहे. री यांना युद्ध थांबवायचंच नव्हतं. जून १९५३ मध्ये त्यांनी अमेरिकेला न विचारता सुमारे २७ हजार युद्धकैदी सोडून दिले. युद्धविरामावर दक्षिण कोरियाने सहीच केली नाही, आणि मग ऑक्टोबरमध्ये संरक्षणाचा करार पदरात पाडून घेतला. उरलेल्यांपैकी मायदेशी जायला नकार देणाऱ्या बावीस हजारांवर कैद्यांना सांभाळायला जे भारतीय दल आलं त्याचे प्रमुख आमच्या कोल्हापूरकडचे, जनरल एस. पी. पी. थोरात. री भारतावर इतके चिडलेले की भारतीय सैनिकांचे पाय दक्षिणेच्या जमिनीला लागू द्यायलाही तयार नव्हते. शेवटी इंचॉन बंदराला जहाजातून काढून अमेरिकन हेलिकॉप्टरने त्यांना थेट सीमेवरच्या पट्ट्यात नेलं. हे मी त्या दिवशी टेबलावर सांगितलं. साहेब त्या दिवसात पहिल्यांदा हसले. "असाच होता तो म्हातारा."

आमच्यात सर्वांत लहान एक सत्तावीस वर्षांचा मुलगा आहे, नुकताच लागलेला. साहेबांना उलट बोलायचं नसतं, म्हणून तो माझ्याकडे बघून बोलला. "सोल वाचवायला अमेरिकन लोक लॉस एंजेलिस पणाला लावतील? नाही लावणार. आपण आपलाच बॉम्ब करावा. तुमच्याकडे आहे ना?"

आहे म्हटलं. आणि उगाच ओशाळलो, जणू घरात दडवलेलं काही कोणी पाहिलं. १९९८ साली पोखरणनंतर निर्बंध आले होते, तुम्ही तर निर्यातीवर जगता, असं काहीसं मी पुटपुटलो. त्याने खांदे उडवले. हा पोरगा कुठल्या मोर्चात जात नाही, अमेरिकन मालिका पाहतो, अमेरिकन कॉफी पितो. पण सत्तर टक्क्यांच्या आसपास कोरियन लोक अलीकडच्या पाहण्यांत स्वतःच्या अण्वस्त्राच्या बाजूने बोलतात, त्यांतला तो एक. साहेबांनी त्याच्या वाटीत न विचारता स्पॅमचे दोन तुकडे वाढले. हा राग होता की माया, मला अजून कळलेलं नाही.

शुक्रवारी, १२ तारखेला, जॉर्जियात धरलेले ते लोक खास विमानाने इंचॉनला उतरले. ऑफिसमध्ये टीव्ही लावला होता. साहेब उभ्याने बघत होते. संपल्यावर जागेवर गेले, मुलाचा फोटो उचलला, फडक्याने काच पुसली आणि होता तिथेच ठेवला.

महिनाअखेरीला चुसोकच्या भेटी आल्या. चुसोक म्हणजे इथली दिवाळीच म्हणा, आणि आपल्याकडे सुक्या मेव्याचा डबा येतो तसा इथे स्पॅमचा येतो. सुबक खोक्यात, पिशवीसकट. माझं खोकं साहेबांनी स्वतः आणून दिलं, दोन्ही हातांनी. मी डब्यावरचं इंग्रजी नाव वाचून नुसता हसलो.

"हसू नका," ते म्हणाले. "मागे बघा. १९८७ पासून हा कोरियातच बनतो."