फ्रान्समध्ये शिरलो ते लंडनच्याच स्टेशनात

भारतीय पासपोर्टवर लंडन-पॅरिस रेल्वेप्रवास करायचा तर व्हिसा दोन लागतात, आणि आपण पाहुणे म्हणून जाणार असू तर दोन्ही भारतातूनच काढून निघावं लागतं. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं असा युरोपीय देशांचा गट, आणि ब्रिटन त्यात नाही. लंडनला पोचल्यावर शेंगेनचा अर्ज करू म्हटलं, तर ती सोय सहसा तिथे राहणाऱ्यांसाठीच असते. 2024 च्या सप्टेंबरात आई आणि मी दादाकडे लंडनला गेलो, तिथून रेल्वेने पॅरिस आणि ॲमस्टरडॅम करून परत आलो. पुढचं विमान नको, हे आईने पुण्यातच सांगून टाकलं होतं. तिच्या वयाच्या माणसांना घेऊन निघणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सगळं लिहिते आहे.

शेंगेनचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. आमच्या पॅरिसच्या रात्री जास्त, म्हणून फ्रान्स. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. फी त्याच वर्षी जूनमध्ये 80 वरून 90 युरो झाली होती. पण या सगळ्यात ज्याकडे लक्ष जात नाही ती बाब म्हणजे ब्रिटनचा व्हिसा. पॅरिसला जाऊन लंडनला परत येणं म्हणजे ब्रिटनमध्ये दुसरा प्रवेश. व्हिजिटर व्हिसा बहुधा अनेक प्रवेशांचाच मिळतो, तरी हातात पडल्यावर नीट वाचून घ्या. मी अर्जाला एका पानाची तारीखवार आखणी जोडली होती: कुठल्या दिवशी कुठली गाडी, कुठलं हॉटेल, मुंबईचं परतीचं विमान कधी. त्या पानाची प्रत मी कायम हाताशी ठेवली. पुढे जवळजवळ प्रत्येक खिडकीवर तेच पुढे केलं.

सामानाच्या बाबतीत युरोस्टार, म्हणजे लंडन-पॅरिस धावणारी ही रेल्वे, मोकळी आहे. साध्या तिकिटावर 85 सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि एक हातातली पिशवी चालते, वजन कोणी करत नाही. विमानासारखं 100 मिलिलिटरचं बंधनही नाही, त्यामुळे लिंबाच्या लोणच्याची बरणी आईच्या पिशवीतून बिनदिक्कत गेली. पेढे मात्र दादाकडेच ठेवायला लावले. बाहेरून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ आणि मांस न्यायला मनाई आहे. चकली-चिवड्याला अडचण नाही.

गाडी सेंट पँक्रसहून सुटते. हे स्टेशन 1868 सालचं. प्लॅटफॉर्म वरच्या मजल्यावर आणि तपासणी, प्रतीक्षागृह वगैरे खालच्या तळघरात. या तळघरात पूर्वी इंग्लंडमधल्याच बर्टन गावाहून येणारी बिअरची पिंपं ठेवत, आणि खांबांमधलं अंतर त्या पिंपांच्या मापाने ठरवलेलं होतं. मला हे फार आवडलं. दारूच्या कोठाराचा आज सीमानाका झाला आहे!

गेटवर तिकिटाचा कोड दाखवायचा, मग सामान एक्स-रेमधून. ब्रिटन बाहेर पडताना शिक्का मारत नाही. चार पावलांवर काचेआड बसलेले असतात ते थेट फ्रेंच सीमा पोलीस. आईला इंग्रजी बोलायचा धीर होत नाही, म्हणून दोघी एकाच खिडकीवर येऊ का असं मी आधीच विचारलं. अधिकाऱ्याने मान हलवली. किती दिवस, कुठे उतरणार, परत कधी, एवढेच प्रश्न. ते आखणीचं पान त्याने बोट फिरवत वाचलं आणि शिक्का मारला. आईने चष्मा लावून तो पाहिला: तारकांच्या वर्तुळात फ्रान्सचं अक्षर, तारीख, आत जाणारा बाण आणि एक चिमुकलं रेल्वे इंजिन.

“अगं, म्हणजे आपण आता फ्रान्सात?”

जमीन लंडनचीच, तपासणी फ्रान्सची. ब्रिटन-फ्रान्समधल्या 1991 च्या सांगात करारात आणि 2000 सालच्या त्याच्या पुरवणीत ही सोय करून ठेवली आहे. म्हणून गाडी सुटली की सीमेवर कोणी उठवत नाही, कागद मागत नाही. दोन देश कागदावर इतकं समजुतीने वागू शकतात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण त्याची किंमतही आहे. प्रत्येक स्टेशनात बंदिस्त प्लॅटफॉर्म, दोन देशांचे पोलीस, प्रतीक्षेची जागा लागते, म्हणूनच लंडनहून सरळ जाता येईल अशी शहरं अजून मोजकीच आहेत.

इंग्लंड आणि फ्रान्समधल्या समुद्राखालचा बोगदा जेमतेम वीस मिनिटांचा. लांबी 50 किलोमीटर, त्यातले 38 समुद्राखाली. एरवी ताशी 300 किलोमीटरच्या वेगाने धावणारी गाडी त्यात 160 वर येते. खिडकीत फक्त काळोख. “समुद्र कधी लागणार?” असं आई विचारत होती तेव्हा तो डोक्यावरून निघूनही गेला होता.

पॅरिस-ॲमस्टरडॅम गाडीही युरोस्टारचीच, पण तिथे यातलं काही नाही. स्टेशनात जायचं, तिकीट दाखवायचं, बसायचं. बेल्जियम आणि नेदरलँड्स, दोन्ही सीमा शेंगेनच्या आत. पोलीस मध्येच तपासू शकतात, म्हणून पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

खरा कस परतीला लागला. ॲमस्टरडॅमच्या स्टेशनाचं काम चालू असल्याने त्या जूनपासून लंडनची थेट गाडी बंद होती. सगळ्यांना बेल्जियममधल्या ब्रसेल्सच्या मिदी स्टेशनावर सामानासकट उतरून, वेगळ्या दारातून आत जाऊन तपासणी करून घ्यावी लागे. आईसाठी लिफ्ट शोधण्यातच आमचा बराच वेळ गेला. मी दोन गाड्यांमध्ये दीड तासाहून जास्त अंतर ठेवलं होतं आणि तेवढं लागलंच. आधी बेल्जियमच्या पोलिसांचा बाहेर पडण्याचा शिक्का, लगेच पुढे ब्रिटिश अधिकारी. त्यांनी फ्रेंचांपेक्षा जास्त विचारलं: लंडनला कोणाकडे, भारतात कधी परत, खर्च कोण करतंय. दादाचं पत्र आणि विमानाचं तिकीट दाखवल्यावर सोडलं.

ॲमस्टरडॅमहून थेट गाडी 2025 च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाली, त्यामुळे ही उतरचढ आता वाचते. शेंगेनच्या शिक्क्याची पद्धतही बदलते आहे. 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकावर नोंद करायला सुरुवात झाली. आता जाणाऱ्यांनी सेंट पँक्रसला गाडीच्या वेळेआधी भरपूर लवकर पोचावं, आणि तिकिटावर लिहिलेली गेट बंद होण्याची वेळ हीच गाडीची वेळ समजावी.